पंपावरचा हात

हसू नका, पण माझ्या हाताची पूजा झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

निजामी गेल्यावर सेलूच्या पंपाच्या कारखान्यात शेठजींनी पंपावरची चांदताऱ्याची जुनी छाप बदलायला सांगितली. हे तिथे लाकडी साचे कोरायचे. नव्या छापेसाठी यांनी माझाच हात कोरला: उभा पंजा, मनगटात बांगड्या, माझी वाकडी करंगळीसुद्धा.

पुढे जिंतूरकडच्या एका मळ्यात पंप बिघडला. दुरुस्तीला यांनाच पाठवलं, बरोबर मीही गेले. पाहते तर पंपावरच्या छापेवर हळदकुंकू, ताजी फुलं!

मळ्यातली म्हातारी म्हणाली, "सतीचा हात हाय बाई. आमच्या येशीवरल्या दगडावर बी असाच हाय. नवऱ्यामागं गेलेलीचा."

हे हसत सुटले. "आजी, हा हिचा हात हाय, हिचा!"

म्हातारीनं यांच्याकडे पाहिलंही नाही. माझा हात धरून तिनं छापेशेजारी ठेवला, वाकडी करंगळी चाचपली. मग डोक्यावर पदर घेऊन माझ्या पाया पडली आणि हळूच विचारलं, "मालक कवा गेले, माय?"

हे माझ्या शेजारीच उभे होते.

परतताना मोटारीत सेलू येईपर्यंत मी यांचं मनगट सोडलं नाही.