स्लिपमधली जागा

चहाच्या रांगेत काउंटीचे जुने कप्तान हेडली उभे होते. त्यांच्या पुढेच, त्यांच्या संघातल्या विल्फची विधवा डॉरिन रक्षेचा डबा छातीशी धरून मैदान राखणाऱ्या पेरिनशी बोलत होती.

"काकू, सीमारेषेजवळच टाकू की. काकांची अख्खी कारकीर्द तिथं गेली."

"गेली नाही, घालवली! स्लिपमध्ये उभं राहायला मिळावं म्हणून जन्मभर झुरले."

"पण खेळपट्टीजवळचं गवत जळेल हो."

"चिमूटभर राखेनं काय जळतंय?"

"आणि स्लिपमध्ये तर कप्तान स्वतः उभे राहायचे."

"हो ना! हलला का मेला कधी तिथून? झेल सोडायचा तो, आणि चेंडूमागे धावायचे आमचे हे."

हेडलींनी टोपी काढली.

"पेरिन, तिथंच टाक. कप्तान सरकलाय बाजूला."