आईची नोकरी

आमच्या आईला नोकरी कशी लागली, सांगतो. बाबा कणकवलीच्या कचेरीत शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घ्यायचं ठरलं. मी तेव्हा अकरावीत. पुढे शिकायची फार हौस.

साहेबांनी विचारलं, "शिपायाचं काम जमेल ना?"

मी आईकडे पाहिलं. आईच पुढे झाली. "सायबानू, तेका शिकांद्या. नोकरी माका द्या."

"अहो, इथे बाई शिपाई कधी झाली नाही."

"मगे आता होतली!"

साहेब खो खो हसले, आणि झाली की! पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. आई दारातूनच म्हणाली, "घंटी कित्याक? हाक मारा, मी हयसरच आसंय."

साहेबांनी घंटी कपाटात टाकली आणि जरा लाजतच हाक मारली, "वहिनी, येता का?"