झाकणाखालची पन्नी

काळजी करण्यात माझा हात कोणी धरत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. कुडवा गावातल्या आमच्या घरी माझी तान्ही लेक चिमी झोपते त्या खोलीवर कडुनिंबाची सुकलेली फांदी आली होती. वारा सुटला की मी तिला उचलून दुसऱ्या खोलीत पळायची. शेवटी सासरे, म्हणजे आमचे मामाजी, ओळखीच्याकडून पेट्रोलची करवत मागून घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढले.

करवत पाच मिनिटं चालायची आणि बंद पडायची. मामाजींनी प्लग पुसला, फिल्टर झटकला, तरी तेच. फांदी अर्धी कापलेली, आभाळ भरून आलेलं, आणि मी चिमीला कवटाळून मोबाईलवर कारणं शोधतेय.

"काऊन बंद पडून राहिली हे?" म्हणत मामाजी उतरले आणि त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला. झाकणाखाली प्लास्टिकची पन्नी होती.

"हे कोणं लावली?"

"मी. करवत कालपासून घरात होती ना. पेट्रोलचा वास चिमीला नको म्हणून."

"झाकणाले भोक असते, बाई. हवा आत गेली तरच पेट्रोल पुढं जाते. तू तिचा दमच कोंडला."

पन्नी काढली आणि फांदी एका दमात खाली आली.

मामाजी हात धुऊन चिमीजवळ आले. त्या उकाड्यात तिला टोपी, मोजे, वरून दुपटं. पोर घामानं भिजलेली. त्यांनी टोपीची नाडी तेवढी सोडली.

दुपटं मग मीच काढलं.