आधी उलटा हात, मग आकडा

आदरणीय अध्यक्ष, आपल्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे डॉक्टर, आजचे सत्कारमूर्ती आमचे वायरमनकाका, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि ज्यांना इथे आणता आलं नाही त्या सापसरड्यांच्या वतीने जमलेले सर्व सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. काकांच्या एका सवयीबद्दलच बोलते.

सापाला स्वतःची ऊब नसते, हे आपण जाणता. आमच्या विभागात प्रत्येक काचपेटीच्या तळाशी गरम होणारं पॅड आहे आणि ते चालूबंद करणारा थर्मोस्टॅट. हे सगळे थर्मोस्टॅट काकांनी बसवले. तरी रोज सकाळी ते काय करायचे? प्रत्येक पेटीत उलटा हात टेकवायचे आणि मगच थर्मोस्टॅटवरचा तापमानाचा आकडा बघायचे. आम्ही मागे हसायचो. काकू सांगतात, घरी नातवाच्या अंघोळीच्या पाण्यालाही हीच तपासणी असते.

अकरा वर्षांपूर्वी मी नवीन होते, कायम झाले नव्हते. एका सकाळी आजीबाईची, म्हणजे आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या अजगराच्या मादीची, पेटी धुतली. धुताना थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर काढून बाहेर गार फरशीवर ठेवली आणि तिथेच विसरले. आकडा बावीस दाखवत होता. मला वाटलं, बिचारी गारठली असेल. मी शहाणीने थर्मोस्टॅट आणखी वाढवला.

फरशीचं तापमान वाढणार कसं? पॅड तापतच राहिलं. अजगर चटका बसला तरी पटकन हलत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

काका आले, हात टेकवला आणि एका झटक्यात प्लग उपटला. आजीबाईचं पोट भाजलं होतं. डॉक्टरांनी तीन महिने मलमपट्टी केली. त्या तीन महिन्यांत काकांनी जेवणाची सुट्टी तिच्या पेटीशेजारीच काढली. ती जगली. आजही आहे, आणि आजही माझ्यावर फुत्कारते.

साहेब, तेव्हा चौकशी आपणच केली होती. वायर बाहेर कोणी ठेवली, असं आपण विचारलंत. काका शांतपणे म्हणाले, "मीच ठेवली."

त्यांच्या नावावर ठपका बसला. फोरमनची जागा हुकली. मी कायम झाले. नंतर मी रडत त्यांच्याकडे गेले, तर एवढंच म्हणाले, "पोरी, आकडा वायरीचं सांगतो. अजगराचं हाताला विचारायचं."

काका तिकडून मान हलवून नको म्हणताहेत. काका, अकरा वर्षं ऐकलं तुमचं, आज नाही ऐकणार. साहेब, मघाशी आपण यांची कारकीर्द वाचून दाखवलीत, तिच्यात एकच डाग निघाला. तो माझा आहे. मला लाज वाटते, की हे बोलायला मी यांच्या निवृत्तीपर्यंत थांबले.

आता विभागातली नवी मुलं मला हसतात, कारण मीही रोज उलटा हात टेकवते. मला फार बरं वाटतं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या सकाळच्या चुकीला मात्र माफी नको. साहेब, तिच्यापुढचं काकांचं नाव खोडा आणि माझं लिहा.