बुरुजापाशी थांबलेला ठिपका

बसमध्ये शिंपीणबाईंच्या पुढच्याच सीटवर एक नवराबायको एका फोनवरच्या नकाशात डोकी खुपसून बसले होते. शिंपीणबाईंना कुणाचं ऐकायची हौस नव्हती, पण कानांना काही झाकणं नसतात.

“अहो, ठिपका अजून तिथंच आहे. त्या पडक्या बुरुजापाशी.”

“फोटो काढत असेल. जुनं काही दिसलं की लेक तुझी थांबतेच.”

“एवढा वेळ? आणि फोन का लागत नाही?”

“जंगलात रेंज नसते, किती वेळा सांगू!”

“मग ठिपका बरा दिसतो?”

“त्या यंत्राचं वेगळं असतं, ते थेट उपग्रहावर चालतं. मीच बसवलंय ना तिच्या सायकलच्या सीटखाली.”

“तिच्या खिशात द्यायला हवं होतं.”

“खिशातलं ती विसरते. सायकल कशी विसरेल?”

“उतारावर सुटे दगड आहेत म्हणाली होती. पडली-बिडली नसेल ना?”

“उगाच अभद्र बोलू नकोस.”

“अहो, हलला! ठिपका हलला! निघाली बाई माझी. जीव भांड्यात पडला.”

“बघू इकडे.”

“कशी सुसाट सुटलीय बघा! आता तरी हसा की.”

“बुरुजाच्या पुढे चढ आहे गं.”

“असू दे. दमाची आहे पोरगी.”

“त्या चढावर आम्ही बापलेक दोघंही उतरून सायकल ढकलत नेतो.”

“म्हणजे सायकल कुणाच्या तरी गाडीत आहे?”

“असं दिसतंय.”

“आणि ती?”

शिंपीणबाईंचा स्टॉप आला आणि गेला. त्या उठल्या नाहीत.