उंचावरची ढोली

"उन्हाला वाट द्या रे, गवताला जागा द्या, हरणं आपली येतील." लहानपणी जंगलाच्या कडेला ऐकलेला, जंगल राखणाऱ्या माणसाचा तो आवाज परवा डोळ्यांच्या दवाखान्यात, शेजारच्या बाकावर पुन्हा भेटला. सोबत त्याची लेक होती.

"बाबा, तोडायची झाडं तुम्हीच निवडलीत ना?"

"मग कोण? दाटी केलेली तेवढीच. प्रत्येकाला पांढरा पट्टा मारलाय."

"घुबडाच्या ढोलीच्या झाडालाही मारलात."

"काहीतरीच! ते झाड मी तोडायला देईन?"

"म्हणून तर मी पहाटे जाऊन पट्टा खरवडला."

"म्हणजे बापाच्या मागे पुसत फिरतेस होय गं!"

"लहानपणी माझं नाक कोण पुसायचं?"

"तुझ्या तोंडाला कोण लागणार! आणि डोळे तुझे तपासायचेत, तर मला कशाला आणलंस?"

"सोबतीला."

"खोटारडी. अगदी आईवर गेलीस."

"बाबा, ऐका ना…"

"राहू दे. नाव तुझं पुकारलं तरी आत मीच जातो. पावसाळ्यापासून झाडं हातानं चाचपून ओळखतोय, बयो. ढोली उंचावर होती, तिथवर हात पुरला नाही."