पोट दुखतंय म्हनली तवा

— न्हाई ओ, आता आत न्हाई सोडत, चारनंतर एकेकालाच सोडत्यात. बसा की ताई हितंच. तुमचं कोण हाय? भाची व्हय? आमची रेश्मा हाय, धा वर्सांची, एकलीच. काय झालंय? आवं, पोटात अपेंडिक्स फुटलं. आन् तिथंच थांबलं असतं तर — पर पू आतड्याकडनं लिव्हरला रगात नेणाऱ्या शिरेत शिरला, शिरेत गुठळी झाली, लिव्हरात पुवाच्या गाठी झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. एवढ्याशा पोरीच्या बरगडीतनं नळी घातलीया. कालपास्नं ताप उतरलाय. वाचंल म्हनल्यात. वाचंल.

परवा गेटावर बोलत हुती न्हवं मानसं — गावातल्या डॉक्टरचा हात मोडला, दात पाडलं — ते आमचंच मालक. मिल्ट्रीत हाईत. सुट्टीवर आलं, पोरीचं डोळं पिवळं बघितलं, उचलून तासाभरात मिरजंला आणली. हितं सगळं कळल्यावर तसंच माघारी गावात. देवदत्त डॉक्टर एका म्हातारीचं बीपी बघत हुतं. मालकांनी कॉलर धरून वढलं, हात टेबलावर दाबून धरला आन् वरनं लोखंडी स्टूल घातलं. एकदा न्हाई, तीनदा. हाडाचा आवाज रस्त्यापतोर आला म्हनं — माझा दीर सांगत हुता, आप्पासो. खाली पडल्यावर तोंडावर बूट. म्हातारी किंचाळतीया, डॉक्टर वरडत्यात, "लालासाहेब, मी सांगितलं हुतं! बायकोला इचारा!" पर तवा कोण ऐकतंय? पोलिसांनी नेलं मालकांना.

बरं केलं म्हनता? सगळीच म्हनत्यात. — न्हाई, तुमी नका म्हनू. काय केलं हुतं ओ डॉक्टरनी? पोटाला उजवीकडं, खाली, बोटं दाबली, पोरगी टुणकन उडाली, आन् म्हनलं, वैनी, अपेंडिक्स वाटतंय, आजच्या आज मिरजंला न्या. चिठ्ठी पन लिवून दिली. मग? मग काय — दुसऱ्या दिवशी तिला पाचगणीला हॉस्टेलला सोडायची हुती. सुट्टी सपली की हिचं दरसाल कायतरी दुखतंच, कवा डोकं, कवा दात. मी सातवी शिकलेली बाई, पोरगी साहेबावानी बोलावी म्हून सासूसंगं भांडून तिथं घातली. मला वाटलं, हिनं डॉक्टरला पन गुंडाळलं. चिठ्ठी चुलीत घातली. लाटणं घेतलं. पाठीत मारलं, मांडीवर मारलं — ती पोट धरून वाकली, तर म्हनलं, अजून नाटकं? आन् लाथ घातली. कुठं म्हंजे — पोटात. व्हय, पोटातच. भिताडाला जाऊन आपटली. "आये, नगं, जाते मी, जाते हॉस्टेलला," म्हनत हुती, तरी माझा हात थांबंना.

सकाळी म्हनली, दुखायचं थांबलं. मला लय बरं वाटलं बघा! म्हनलं, मार बसला की सगळं दुखनं पळतंय. ते आत फुटलं म्हून थांबल्यालं, हे कुनाला ठावं! मग हॉस्टेलला निघायच्या आधीच थंडी वाजून ताप, दात वाजायचं तिचं, खाट हालायची. धा दिवस दुकानातल्या गोळ्या दिल्या. डॉक्टरकडं परत कुठल्या तोंडानं जायाचं? आन् मालकांनी हितं, ह्याच बाकड्यावर इचारलं, "देवदत्त काय म्हनला हुता?" मी म्हनले, "गॅस म्हनला." एवढंच. एवढंच बोलले ताई.

डॉक्टरीणबाईंनी मांडीवरचं वळ बघितलं — हिरवं पडल्यालं — इचारलं, बाळ, कुनी मारलं? पोरीनं माझ्याकडं बघितलं पन न्हाई. म्हनली, "जिन्यावरनं पडले."

आमच्या घराला जिना न्हाई.

असं बघू नगा माझ्याकडं. तुमाला कशापायी सांगितलं मी हे? — कोण? व्हय साहेब, मीच रेश्माची आई. जबाब? घ्या की. — तुमी जावा ताई. जावा म्हनले न्हवं, उठा! — बसा साहेब. मालकापास्नं नगा सुरू करू. पयला मार कुनी घातला, तिथनं लिवा.